पुढचं डावं चाक

आमची गाडी बिघडली होती असं मी अजूनही म्हणणार नाही. ती सुरू होत होती, पळत होती, सांगू तिकडे वळत होती आणि ब्रेक दाबला की थांबतही होती. चौदा वर्षांच्या गाडीकडून याहून जास्त मागणं म्हणजे हावरटपणा झाला. फक्त एका शुक्रवारी सकाळी वेगाच्या काट्याशेजारी एक पिवळा दिवा लागला, गोलात तीन इंग्रजी अक्षरं असलेला, आणि तो काही केल्या विझेना.

एरवी मी त्या दिव्याशी जमवून घेतलं असतं. आमच्या घरात फ्रिजचं दार गुडघ्याने लावावं लागतं, बाथरूमची कडी आधी वर उचलून मग सरकवावी लागते. आम्ही जमवून घेणारी माणसं आहोत. पण बरोबर पुढच्या शुक्रवारी हिची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. आणि लायसन्स ऑफिसचा नियम असा, की परीक्षा स्वतःच्या गाडीवर द्यायची तर दोन दिवस आधी गाडी तपासून घ्यायची. इशाऱ्याचा एक जरी दिवा पेटलेला सापडला, तर परीक्षा रद्द.

ही म्हणजे माझी बायको. ती फिजिओथेरपिस्ट आहे. अठरा वर्षं एका हॉस्पिटलच्या तळघरात, जिथे खिडकी नाही आणि पंखा आहे पण फिरत नाही, तिथे लोकांचे गुडघे वाकवते आणि खांदे सोडवते. यंदा हॉस्पिटलने नवीन जागा काढली: अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम द्यायचे. हिला ती जागा इतकी हवी होती की ती त्याबद्दल फारसं बोलतही नसे. अट एकच, महिनाअखेरपर्यंत लायसन्स. आणि ही दोनदा नापास झालेली. तिसऱ्यांदा नापास झालं की सहा महिने अर्जच करता येत नाही.

पहिल्यांदा गाडी चढावर बंद पडली. ते कुणाचंही होतं. दुसऱ्यांदा मात्र परीक्षकाने पाणी मारलेल्या पट्ट्यावर अचानक "थांबा!" म्हणून आरोळी ठोकली, हिने सगळा जीव एकवटून ब्रेक दाबला, आणि हिच्या म्हणण्याप्रमाणे तिचा पाय असा लटलटायला लागला की तिने घाबरून तो उचलला. पुढचे दोन प्लास्टिकचे कोन आडवे झाले. "अहो, दिवसभर मी लोकांचे पाय धरते," घरी आल्यावर ती रडतच म्हणाली, "आणि माझाच पाय माझं ऐकेना!" मी म्हणालो, होतं असं, सवयीने जातं. याहून निरुपयोगी वाक्य मला त्या वेळी सुचलं नाही.

तेव्हा दिवा विझवायची जबाबदारी मी अंगावर घेतली. "तू फक्त परीक्षेकडे लक्ष दे, गाडीचं मी बघतो," असं मी छाती पुढे काढून म्हणालो. हिने फ्रिजच्या दाराकडे एकदा पाहिलं, ते मला दिसलं.

आमच्या वरच्या मजल्यावर सर्वज्ञ राहतात. हे त्यांचं नाव नव्हे, पण त्यांचं खरं नाव बिल्डिंगमध्ये कुणाच्या लक्षात नाही. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेत. मी बॉनेट उघडायचा अवकाश, ते चपला घालून खाली हजर. त्यांनी इंजिनाकडे बराच वेळ पाहिलं, जणू ते त्यांच्याच परवानगीने बसवलं होतं.

"कॉम्प्युटर आहे ना हा?"

"हो, असावा."

"मग फोटोवाले, एवढा विचार कसला करताय? बंद करून चालू करा. बॅटरीची वायर काढा, दहा मिनिटं थांबा, परत लावा. तो सगळं विसरतो."

विसरला. अगदी मनापासून विसरला. घड्याळात बारा वाजले, काचा अर्ध्यावर थांबायला लागल्या, आणि रेडिओने एक गुप्त आकडा मागितला जो गाडीच्या पहिल्या मालकाला ठाऊक असावा. दिवा मात्र खरोखर विझला. सर्वज्ञांनी माझ्या पाठीवर थाप मारली, हिने खिडकीतून हात हलवला, मी ऐटीत गाडी गेटबाहेर काढली. वीस पावलं गेलो नसेन, दिवा परत लागला. सर्वज्ञ म्हणाले, "बघा, म्हणजे दोष चालताना आहे. उभ्या गाडीत काही दोष नाही." हे त्यांनी इतक्या समाधानाने सांगितलं की मला क्षणभर वाटलं, परीक्षा उभ्या गाडीत घेता येईल का ते विचारावं.

सोमवारी माझ्या फोटो स्टुडिओला अर्धा दिवस सुट्टी देऊन मी मास्तरांच्या गॅरेजमध्ये गेलो. मास्तर म्हणजे साठीचे, किरकोळ अंगाचे, शब्द मोजून वापरणारे. त्यांनी स्टिअरिंगखाली एक खोका जोडला, त्याच्या पडद्यावर काहीतरी वाचलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: "पुढचं डावं चाक. सेन्सर बोलत नाही. काढून पुसणे."

"ठेवून जा साहेब. तुमच्या आधी सहा गाड्या आहेत. गुरुवारी बघतो."

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? तपासणी बुधवारी. आणि चिठ्ठीवर काय लिहिलंय, तर पुसणे! मी तीस वर्षं फोटोग्राफर आहे. पुसणे या विषयात मला कुणी शिकवावं असं आता उरलेलं नाही. लेन्सवरची धूळ मी श्वास रोखून पुसतो. त्यासाठी माझ्याकडे मऊ कापड आहे, हवेचा फुगा आहे, एक द्रावण आहे. मी मास्तरांचे आभार मानले आणि गाडी घरी आणली.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पासपोर्टचे फोटो काढणारा माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या समोर उभा असतो. "मान जरा डावीकडे" म्हटलं की ती त्यांची डावी, म्हणजे माझी उजवी. पहिली दोन वर्षं गोंधळ होतो. मग समोर जे काही दिसेल त्याची बाजू आपोआप उलटवायची सवय हाडात मुरते. मला तर आता आरशातही नीट भांग पाडता येत नाही.

जॅक डिकीत असतो. मी डिकीतून जॅक काढला, गाडीच्या मागे उभा राहिलो, तोंड गाडीकडे. चिठ्ठी वाचली: डावं. समोर गाडी. आणि तीस वर्षांच्या अनुभवाने मी ताबडतोब उजवीकडे गेलो.

सर्वज्ञ देखरेखीला होतेच. चाक निघालं. आत एका बोल्टने बसवलेला, बोटाच्या पेराएवढा काळा सेन्सर दिसला. बोल्ट निघाला, सेन्सर निघेना. "ओढा," सर्वज्ञ म्हणाले. मी ओढला. "पकडीने ओढा." पकडीने ओढला. "अहो, जेवला नाहीत का?" यानंतर मी जो ओढला, त्यात तो मोडला. अर्धा माझ्या हातात आणि अर्धा भोकात.

मग मी, खोटं कशाला सांगू, हातातला अर्धा तुकडा मऊ कापडाने स्वच्छ पुसला. चिठ्ठीत तसं लिहिलं होतं.

चाक परत बसवताना चुकीची बाजू माझ्या लक्षात आली: मागे उभं राहिलं की गाडीची डावी तीच आपली डावी. म्हणजे डावं चाक आधीच गप्प होतं, आता मी धडधाकट उजव्याचीही वाचा घालवली होती. दिवा एकच असल्यामुळे वरून काही फरक दिसत नव्हता, एवढंच काय ते समाधान. हिने विचारलं, "झालं का?" मी म्हणालो, "होत आलंय."

मंगळवारी सगळी दुकानं पालथी घातली. सेन्सर आठ दिवसांनी येईल, असं एकाने सांगितलं. दुसऱ्याने गाडी किती जुनी ते ऐकून मला बसायला खुर्ची दिली. घरी आलो तो रडकुंडीला येऊनच. आणि मग मला ते सुचलं. मी म्हणालो, मी कोण आहे? माझा धंदा काय? लोकांच्या कपाळावरचे व्रण, गालावरचे फोड, नाकावरचे डाग मी हजारो फोटोंतून असे घालवलेत की त्यांच्या आयांनाही पत्ता लागलेला नाही. मग एक पिवळा ठिपका तो काय!

काट्यांवरची काच निघते. जाड काळ्या कागदाचा गोल मी कात्रीने कापला, कडा ब्लेडने तासल्या आणि चिमट्याने नेमका दिव्यावर बसवला. काच लावली. सांगायला लाज वाटते, पण काम अप्रतिम झालं होतं. सर्वज्ञांनी चष्मा लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे पाहिलं आणि म्हणाले, "फोटोवाले, तुम्ही सरकारी खात्यात असायला हवे होतात."

हिने गाडीत बसून पाहिलं, दिवा नाही. तिचा चेहरा खुलला. "खरंच केलंत हो!" ती म्हणाली. मी बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकलो. नाड्या बांधलेल्याच होत्या.

बुधवारी लायसन्स ऑफिस. चार नंबरच्या खिडकीने सहावर पाठवलं, सहाने परत चारवर. चारच्या कारकुनाने फॉर्मवरचा हिचा फोटो पाहिला, जो मी स्वतः काढला होता, आणि फॉर्म परत सरकवला. "दुसरा लावा. हा फार चांगला आलाय. ओळख पटत नाही." तीस वर्षांत माझ्या कामाची इतकी स्तुती आणि इतका अपमान एका वाक्यात कुणी केला नव्हता.

फोटो बदलून आम्ही तपासणीच्या शेडमध्ये गेलो. इन्स्पेक्टर मॅडम पन्नाशीच्या, हातात फळी, फळीवर यादी. टायर पाहिले, हॉर्न वाजवला, वायपर फिरवले. मग आत बसून त्यांनी किल्ली फक्त अर्धी फिरवली आणि काट्यांकडे बघत राहिल्या. किल्ली मागे घेतली. परत अर्धी फिरवली. परत बघत राहिल्या.

"ब्रेकचा एक दिवा लागत नाही तुमचा," त्या म्हणाल्या.

मी आनंदाने म्हणालो, "नाहीच लागत!"

"लागला पाहिजे. किल्ली फिरवली की सगळे इशाऱ्याचे दिवे आधी लागतात. गाडी स्वतःला तपासून घेते आणि मग एकेक विझतो. जो लागतच नाही, त्याचं काय समजायचं?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या डोक्यात इतका उजेड पडला की तो दिवा तिथे लावला असता तरी चाललं असतं. चिमटा माझ्या खिशातच होता. मी काच काढली, कागदाचा गोल काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला. "कापलाय सुरेख," त्या म्हणाल्या आणि यादीवर फुली मारली. "शुक्रवारी सकाळी नऊ वाजता गाडी परत दाखवा. दिवा लागून विझला तर दहाला परीक्षा. नाही तर तारीख गेली."

घराच्या गेटपाशी आल्यावर ही म्हणाली, "तुम्ही माझ्या परीक्षेत कॉपी केलीत."

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी? ब्रेकचा दिवा होता तो. त्या ब्रेकवर मी बसणार होते." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "जमत नाही म्हणून सांगायचं होतं. मी रागावले असते, एवढंच ना?"

मला खरंच खूप लाज वाटली. मोडलेल्या सेन्सरचंही मी तिथेच सांगून टाकलं, चिठ्ठीचं, डाव्या-उजव्याचं, सगळं. ऐकता ऐकता एका ठिकाणी तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. माफी मिळायला अजून अवकाश आहे हे मला समजलं.

गुरुवारी तिने रजा टाकली आणि आम्ही उजाडताच मास्तरांच्या दारात. मास्तरांनी चाक काढलं, भोकातला अर्धा तुकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "साहेब, हे चाक चांगलं होतं," ते म्हणाले. मी म्हणालो, मला कल्पना आहे.

सुदैवाने त्यांच्या आवारात आमच्याच जातीची एक गाडी पडून होती, मागून चेपलेली, पुढून शाबूत. तिचा सेन्सर चालणार होता. पण तो आणि आमचा तुकडा, दोन्ही गंजाने धरलेले. मास्तर तेल सोडून ठोकत होते. ही वाकून बघत होती.

"मास्तर, मी बघू? आमच्याकडे असे खांदे येतात," ती म्हणाली. "अडकलेला सांधा ओढायचा नसतो. थोडा फिरवायचा, थोडा परत आणायचा, त्याला वेळ द्यायचा."

मास्तरांनी बाजूला होऊन जागा दिली. तिने दोन बोटांनी त्या पडीक गाडीचा सेन्सर धरला आणि केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसली. मला तर ती त्याच्याशी बोलतेय असंच वाटलं. पंधरा मिनिटांनी तो अख्खा तिच्या हातात आला. आमचा तुकडाही मास्तरांनी तसाच काढून त्या जागी हा बसवला, आणि तेव्हापासून ते तिला ताई म्हणायला लागले. मला साहेबच ठेवलं.

"आता हा करतो काय ते सांगा," ती म्हणाली.

मास्तर आठवड्याभराचे शब्द एकदम खर्च करायला तयार झाले. "ही दातेरी चकती बघा ताई. चाकाबरोबर फिरते. सेन्सर तिच्या अगदी जवळ, पण शिवत नाही. दात गेला, फट गेली, दात गेला, फट गेली, हा मोजत बसतो. त्यावरून चाकाचा वेग कळतो. चारी चाकांचे चौघं बॉनेटखालच्या कॉम्प्युटरच्या पेटीला सारखं कळवत असतात. तुम्ही जोरात ब्रेक दाबलात आणि एक चाक एकदम अडकलं, तर पेटी म्हणते, तिघं फिरताहेत, हाच का थांबला? हा घसरतोय. मग त्या चाकाचा ब्रेक जरासा सोडते, परत धरते, परत सोडते. डोळ्याचं पातं लवेपर्यंत कितीतरी वेळा. चाक फिरतं राहिलं तरच गाडी स्टिअरिंगचं ऐकते."

"आणि यातला एक गप्प बसला तर?"

"मग पेटी म्हणते, मला नीट कळत नाही, मी यात पडत नाही. दिवा लावते आणि बाजूला होते. साधा ब्रेक लागतो, ही युक्ती बंद."

डाव्या चाकाचा सेन्सर त्यांनी काढला. टोकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटला होता. चिंधीने पुसला. एक मिनिटही लागलं नाही. मी दुसरीकडे बघत होतो. किल्ली फिरवली, दिवा लागला आणि विझला. आवारात दोन चकरा मारल्या, तो विझलेलाच राहिला.

"आता एकदा जोरात दाबून बघा," मास्तर म्हणाले. मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी पाणी मारलं. टोकाला जुन्या टायरांचा ढीग होता. पहिली पाळी अर्थातच माझी, वीस वर्षांचा अनुभव. मी गाडी पळवली, मास्तरांनी हात वर केला, मी ब्रेक दाबला. आणि माझ्या पायाखाली काहीतरी गुरगुरलं! ब्रेक थडथड करत पायाला मागे ढकलायला लागला. वीस वर्षं मी इतक्या बेताने गाडी चालवलीय की हे कधी अनुभवायची वेळच आली नव्हती. मी "अगं आई गं!" म्हणून पाय उचलला आणि टायरांत जाऊन पोचलो.

मास्तर शांतपणे चालत आले. "पाय का उचललात?"

"ब्रेक थरथरला!"

"थरथरणारच. धर-सोड चाललीय ना आत. तो थरथरला म्हणजे काम करतोय. पाय दाबून ठेवायचा."

ही माझ्यामागेच उभी होती. तिने मास्तरांना परत विचारलं, "काय थरथरतं?"

"ब्रेक, ताई. पायाखालचा ब्रेक."

ती तिथल्या पिंपावर बसलीच. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे माझा पाय नव्हता!" ती म्हणाली. "चार महिने मी या पायाला शिव्या घालतेय हो!" नंतर तिने एकटीने सहा वेळा गाडी पळवली आणि सहा वेळा टायरांच्या अलीकडे थांबवली. सहाव्या वेळी तर ब्रेक धरून बाजूने वळवूनही नेली. मी टायर परत रचत होतो.

शुक्रवारी नऊला दिवा लागला, दिवा विझला, इन्स्पेक्टर मॅडमनी सही केली. दहाला त्याच तिच्या शेजारी बसल्या. मी मैदानाच्या कडेला बाकावर होतो. सर्वज्ञ सोबतीला आले होते आणि चढ किती अंशांचा आहे ते सांगत होते. गाडी चढ चढली. मागे आली. वळली. मग ओल्या पट्ट्याकडे निघाली आणि मी इकडे पाय रोवला. मॅडमनी फळीवर हात आपटलेला लांबून दिसला. मी उजव्या पायाने ती जमीन अशी दाबली की बाक मागे सरकला. गाडीचं नाक खाली गेलं, गाडी सरळच्या सरळ थांबली. एकही कोन हलला नाही.

गाडीत काय झालं ते मला नंतर कळलं. मॅडमनी विचारलं होतं, "मागच्या वेळी पाय उचललात असं इथे लिहिलंय. आज थरथरलं नाही?" ही म्हणाली, "थरथरलं की. पण मी नाही थरथरले, ब्रेक थरथरला." मॅडमनी सही केली.

ती हातात कागद घेऊन मैदानातून पळत आली. "झाले! अहो, मी पास झाले!" मला उठून तिला जवळ घ्यायचं होतं. सर्वज्ञ उभे असले तरी घ्यायचं होतं. पण मला उठताच येईना. दाबून दाबून माझ्या पोटरीत असा गोळा आला होता की मी अर्धा उठलो आणि किंचाळून परत बसलो.

तिने एका नजरेत ओळखलं. कागद सर्वज्ञांच्या हातात दिला, बाकावर बसली आणि माझा पाय मांडीवर घेऊन बूट काढला. सगळं लायसन्स ऑफिस बघत होतं. चार नंबरचा कारकून खिडकी बंद करून बाहेर आला होता. "सैल सोडा," ती म्हणाली. "अहो, सैल सोडा म्हणते ना. मी पास झालेय, आता कशाला दाबताय?"

"माफ केलंस?" मी विचारलं.

"आधी पाय बघू दे," ती म्हणाली, आणि हसली.

गोळा उतरला, पण पाय वाकवता येईना. म्हणून मला मागच्या सीटवर आडवं घातलं, सर्वज्ञ पुढे बसले आणि ही स्टिअरिंगवर. आडव्या माणसाला रस्ता दिसत नाही, फक्त विजेचे खांब आणि आभाळाची एक पट्टी दिसते. गर्दी होती, हॉर्न ऐकू येत होते, सर्वज्ञ पहिली पाच मिनिटं सूचना देत होते आणि मग तेही गप्प झाले. मला पडल्या पडल्या डुलकी लागली. जागा झालो तेव्हा गाडी आमच्या दारात उभी होती. ती कधी थांबली, मला कळलंच नाही.